विरामचिन्हें

गेलीं तीस वर्षें मी महाविद्यालयांत इंग्रजी भाषा आणि वाङ्मय शिकवीत आहें. आणि या तीस वर्षांत माझ्या तांबड्या पेन्सिलीनें सर्वांत अधिक वेळां कोणती खूण केली असेल, तर ती पूर्णविरामाची. मुलांना सुरुवात करतां येते. कल्पनांचाहि तोटा नसतो. पण वाक्य कोठें संपवावें, हें कांहीं केल्या त्यांना उमगत नाहीं. एकांतून दुसरें, दुसऱ्यांतून तिसरें अशीं तीं वाक्यें वाढत जातात, आणि पानाच्या अखेरीस पोंचेपर्यंत कर्ता कोण नि क्रियापद कोणाचें याचा पत्ता लागत नाहीं. "बोलावयास सर्वांना येतें, थांबावयास शिकावें लागतें," हें माझें वर्गांतलें ठरलेलें वाक्य. दर वर्षीं पहिल्या आठवड्यांत मी तें म्हणतों, आणि मुलेंहि ठरल्याप्रमाणें हंसतात.

आपल्या मराठीला तर ही विद्या फार उशिरां मिळाली. जुनीं मोडी पत्रें ज्यांनीं पाहिलीं असतील त्यांना ठाऊक आहे, कीं त्यांत शब्द सुटे नाहींत आणि वाक्यें तर नाहींतच. बोरूनें ओळ सुरू केली कीं ती कागदाच्या कडेपर्यंत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मेजर थॉमस कँडी यांनीं इंग्रजीच्या धर्तीवर विरामचिन्हांची ओळख मराठीला करून दिली. वस्तुतः विरामचिन्ह म्हणजे काय? शाईचा एक ठिपका. त्याला उच्चार नाहीं. कोशांत त्याचा अर्थ सांपडावयाचा नाहीं. परंतु तो भलत्या जागीं पडला, किंवा पडावयाच्या जागीं पडलाच नाहीं, तर अर्थाचा अनर्थ होतो.

हें सर्व शिकवीत असतां ही केवळ भाषेची गोष्ट आहे असें मी समजत होतों. ती शरीराचीहि आहे, आणि माणसाच्या जिभेचीहि आहे, हें मला वयाच्या चौपन्नाव्या वर्षीं एका इस्पितळाच्या बांकावर बसून शिकावें लागलें.

माझी मुलगी पहिल्या बाळंतपणासाठीं माहेरीं आली होती. आठव्या महिन्यांतल्या सोनोग्राफीच्या वेळीं तपासणाऱ्या डॉक्टरांनीं यंत्र पोटावर एकाच जागीं जरा अधिक वेळ ठेवलें, आणि, "बाळ झाल्यावर पुन्हां एकदां पाहूं," इतकेंच सांगितलें. मुलगी झाली, तीन किलो वजनाची, भरघोस जावळाची. बारसें झालें. घुगऱ्या वांटल्या. आणि सहाव्या आठवड्यांत पुन्हां पाहिलें तेव्हां कळलें, कीं तिच्या डाव्या मूत्रपिंडाच्या माथ्यावर जी अधिवृक्क ग्रंथि असते, तींत अडीच सेंटिमीटर व्यासाची एक गांठ आहे. लघवीच्या तपासणीवरून आणि इतर चिन्हांवरून डॉक्टरांनीं तिचें नांव सांगितलें : न्यूरोब्लास्टोमा.

हा लहान मुलांचाच कर्करोग आहे. निम्म्याहून अधिक रोगी दोन वर्षांच्या आंतबाहेरचे असतात. गर्भाची घडण होत असतां कांहीं कोंवळ्या पेशी पाठीच्या कण्यालगत उतरत जातात. त्यांतल्या कांहींनीं मज्जातंतू व्हावयाचें असतें, कांहींनीं अधिवृक्क ग्रंथीचा गाभा. ठरलेलें प्रौढपण पत्करण्याऐवजीं त्यांतल्या कांहीं कोंवळ्याच राहून वाढत सुटल्या, म्हणजे हा रोग होतो. मोठ्या माणसांचे बहुतेक कर्करोग म्हणजे एका अर्थीं झिजेचे रोग. वर्षानुवर्षांच्या आघातांनीं पेशी बिघडत जाते. लहान मुलांचे पुष्कळसे कर्करोग मात्र वाढीचे रोग आहेत. बाल्य जेथें संपावयास हवें, तेथें तें संपत नाहीं.

घरांत काय झालें असेल तें सांगावयास नकोच. हा रोग आमच्या घराण्यांत पूर्वीं आला होता तो पिकल्या पानांच्या वाट्याला. जावळहि न काढलेल्या मुलीच्या नांवापुढें तो शब्द उच्चारण्याची जिभेला संवयच नव्हती. जांवईबापू रात्ररात्र गच्चीवर फेऱ्या घालीत. मुलगी बोलेनाशी झाली.

बालकर्करोगाच्या तज्ज्ञ डॉक्टरीणबाईंपुढें आम्ही सर्व जाऊन बसलों तेव्हां माझी अपेक्षा एकच होती : शस्त्रक्रिया उद्यां कीं परवां, एवढेंच त्यांनीं सांगावें. त्या चाळिशीच्या आंतल्या, बोलण्यांत सौम्य. चित्रें पुन्हां पुन्हां पाहून त्या म्हणाल्या, "आपण थांबूं या."

"थांबायचं?" माझा आवाज चढला. "घरांत चोर शिरला आहे हें ठाऊक असून दाराशीं बसून राहायचं?"

"आजोबा," त्या म्हणाल्या. परक्या माणसानें मला या नांवानें हांक मारण्याची ती पहिलीच वेळ. "थांबणं म्हणजे कांहींच न करणं नव्हे. दर कांहीं आठवड्यांनीं आपण मोजणार आहोंत. वाढली, तर मी तुमच्याआधीं धांवेन. पण सहा महिन्यांच्या आंतलं बाळ, आणि एवढीशी गांठ, अशी ही गोष्ट असली म्हणजे ती बहुधा आपली आपण विरून जाते."

मग त्यांनीं समजावून सांगितलें. 2012 सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणींत अशा 87 बाळांपैकीं 83 बाळांच्या आईबापांनीं थांबण्याचा मार्ग पत्करला होता. त्यांतल्या पांचांपैकीं चार बाळांना सुरी लावावीच लागली नाहीं, आणि तीन वर्षांच्या हिशेबांत एकहि बाळ दगावलें नाहीं. जपानमध्यें एके काळीं देशांतल्या सहा महिन्यांच्या बाळांची लघवी तपासून हा रोग हुडकून काढण्याची योजना होती. गांठी पुष्कळ सांपडल्या आणि शस्त्रक्रियाहि पुष्कळ झाल्या. पुढें 2002 सालीं कॅनडांतील क्वेबेक प्रांतांत आणि जर्मनींत झालेल्या पाहण्यांवरून दिसून आलें, कीं अशा तपासणीनें या रोगाचे मृत्यू कमी होत नाहींत. सांपडणाऱ्या गांठींतल्या बऱ्याचशा कोणी न पाहतां विरून गेल्या असत्या. जपाननेंहि मग ती योजना थांबविली. "शोधून काढणं आणि वांचवणं हीं दोन निराळीं कामं आहेत," असें बाई म्हणाल्या. मला तें पटलें असें नव्हे. पण आकड्यांपुढें माझें वक्तृत्व थांबलें.

आमच्या मंडळींनीं हा निर्णय माझ्याहून पुष्कळच शहाणपणानें स्वीकारला. "पोर दूध पिते आहे, हंसते आहे, अंग धरते आहे. मला तेवढं दिसतं, तें मी बघेन," असें म्हणून त्या तेलपाण्याच्या उद्योगाला लागल्या. मी मात्र प्राध्यापक. मला पुस्तकांचा आसरा. शरीरशास्त्राचा गंध नसतांना, शब्दकोश उशाशीं घेऊन मी रात्रीं वाचूं लागलों. वाढत सुटलेल्या पेशीला "पुरे" असें कोण सांगतें, हाच एक प्रश्न डोक्यांत होता. त्याचें एक उत्तर मला जेथें मिळालें, ती जागा मोठी विनोदी होती. तें मिळालें एका किड्यांत.

मातींत राहणारा, एक मिलिमीटर लांबीचा, कांचेसारखा पारदर्शक असा एक सूत्रकृमि आहे. त्याचें शास्त्रीय नांव सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स. त्याच्या सबंध प्रौढ देहांत, बीजपेशी सोडल्या तर, एक हजारहि पेशी नाहींत, आणि त्यांतली प्रत्येक कोठून जन्मली याची वंशावळ शास्त्रज्ञांनीं मांडून ठेविली आहे. अंड्यांतून निघाल्यावर त्याचें बाल्य चार टप्प्यांनीं पुरें होतें. परंतु कांहीं किड्यांत एक विचित्र व्यंग आढळलें. त्यांच्या पेशी पहिल्या टप्प्याचेंच काम पुन्हां पुन्हां करीत राहत. पहिलींत नापास होऊन त्याच बांकावर बसणाऱ्या मुलासारखें. त्यांच्यांत 'लिन-4' नांवाचें एक जनुक बिघडलेलें होतें. हें जनुक करतें तरी काय, याचा व्हिक्टर अँब्रॉस यांनीं कित्येक वर्षें पाठपुरावा केला. 1993 सालीं त्यांनीं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं (यांत त्यांच्या पत्नी रोझलिंड ली या अग्रभागीं होत्या) जें उत्तर प्रसिद्ध केलें, तें कोणाच्याच अपेक्षेंतलें नव्हतें.

जनुक म्हणजे शरीराच्या मूळ पोथींतलें एक पान. त्या पानाची कामापुरती नक्कल उतरली जाते. तिला निरोप्या आरएनए म्हणतात. ही नक्कल वाचून पेशींतला कारखाना प्रथिन तयार करतो. 'लिन-4' पासून मात्र कोणतेंच प्रथिन होत नव्हतें. त्यापासून निघे ती अवघ्या बावीसेक अक्षरांची आरएनएची एक चिटोरी. त्याच वेळीं गॅरी रव्हकन यांनीं दुसऱ्या एका जनुकाच्या निरोपाचें शेंपूट तपासलें. दोघांनीं आपापलीं अक्षरें ताडून पाहिलीं, तेव्हां ती चिटोरी त्या शेंपटावर बरोबर चिकटते असें दिसून आलें. ती चिकटली कीं निरोप वाचला जात नाहीं. वाचला गेला नाहीं म्हणजे प्रथिन होत नाहीं. आणि तें प्रथिन थांबलें म्हणजे किडा पहिल्या इयत्तेंतून दुसऱ्या इयत्तेंत जातो.

हा त्या किड्याचाच कांहीं तऱ्हेवाईकपणा असावा असें समजून विद्वज्जगानें सात वर्षें तिकडे फारसें लक्ष दिलें नाहीं. 2000 सालीं रव्हकन यांच्या प्रयोगशाळेंत 'लेट-7' नांवाची दुसरी चिटोरी सांपडली. ती पाहतां पाहतां माशींत, माशांत, कोंबडींत आणि माणसांतहि सांपडली, तेव्हां सर्वांचे डोळे उघडले. आज माणसांत अशा एक हजाराहून अधिक चिटोऱ्या ठाऊक आहेत. त्यांना मायक्रोआरएनए असें नांव आहे. आणि अँब्रॉस व रव्हकन यांना 2024 सालचें वैद्यकाचें नोबेल पारितोषिक मिळालें तें याच शोधाबद्दल.

या चिटोऱ्या जन्मतांना आखूड नसतात. प्रथम लांब धागा निघतो, तो केसांच्या आंकड्याप्रमाणें दुमडतो, आणि दोन कात्र्या त्याला दोनदां कापून बेताचा करतात. दुसऱ्या कात्रीचें नांव डायसर. 2009 सालीं असें आढळून आलें कीं फुप्फुसांत अगदीं बालवयांत होणारा एक दुर्मिळ कर्करोग ज्या घराण्यांत वारंवार होतो, त्यांतल्या पुष्कळांत याच डायसरच्या जनुकांत जन्मजात दोष असतो. पुढें मुलांच्या मूत्रपिंडाच्या विल्म्स अर्बुदांतहि, कांहीं रोग्यांत, पहिल्या कात्रीचा दोष सांपडला. सारांश, ठिपका देणारी लेखणीच मोडली तर मजकूर वाहत सुटतो, हें लहान मुलांच्या देहांवर लिहिलेलें आहे.

माझ्यासारख्या शिक्षकाला येथें जुना सोबती भेटल्यासारखें झालें यांत नवल नाहीं. ज्याला स्वतःचा उच्चार नाहीं, ज्यापासून प्रथिन होत नाहीं, असें हें चिन्ह. आणि बाल्य कोठें संपावें तें हेंच सांगतें! मी मोठ्या उत्साहानें टिपणें काढूं लागलों. तिकडे नातीची गांठहि माझ्या उत्साहाला साथ देत होती. चौथ्या महिन्यांत ती होती तेवढीच राहिली. सातव्या महिन्यांत दीड सेंटिमीटरवर आली. घरांत पुन्हां बोलणें सुरू झालें. मी तर फारच बोलूं लागलों. रिक्षावाल्यापासून सहकाऱ्यांपर्यंत जो भेटेल त्याला मी किड्याची गोष्ट सांगे. येथपर्यंत ती विनोदाचीच गोष्ट होती.

इस्पितळाच्या बांकावर आमची गांठ नेहमीं एका बापलेकाशीं पडे. बाप बार्शीकडचा शेतकरी. मुलगा चार वर्षांचा, डोक्यावर एकहि केस नसलेला, हातांत एस.टी.ची खेळण्यांतली तांबडी गाडी. तो बांकावरल्या सर्वांना जुन्या कागदांचीं तिकिटें फाडून देई, आणि तोंडानें "टिंग टिंग" करून गाडी सोडी. एस.टी.ची एक घंटी म्हणजे थांबा आणि दोन घंट्या म्हणजे चला. मीं त्याला एकदां विचारलें, "मास्तर, माझा थांबा आला, एक घंटी मारा कीं!" तर तो मान हलवून म्हणाला, "आमची गाडी फास्ट हाय." त्या दिवशींचें तिकीट मी पुस्तकांत ठेविलें.

बापाशीं बोलतां बोलतां कळलें कीं मुलाचा रोगहि न्यूरोब्लास्टोमाच. औषधांच्या दोन फेऱ्या झाल्या होत्या. त्यांतल्या एका औषधाचें मूळ सदाफुलींत आहे असें मीं सांगितलें तेव्हां त्याला मोठें आश्चर्य वाटलें. आमच्या दारांत उन्हाळ्यांतहि फुलते तीच ही सदाफुली. तिच्यापासून निघालेलें व्हिन्क्रिस्टीन 1963 पासून मुलांच्या कर्करोगांवर वापरलें जात आहे. "आमच्या गोठ्याम्होरं लई हाय," तो म्हणाला, आणि क्षणभर त्याचा चेहरा उजळला. तेवढ्यावर मीं थांबावयास हवें होतें. पण ऐकणारा भेटला कीं प्राध्यापकाची जीभ आवरत नाहीं. मीं त्याला माझ्या नातीची हकीकत सांगितली. रोग तोच, हें सांगितलें; औषधाचा थेंब न देतां गांठ अर्ध्यावर आली, हें सांगितलें; शरीरच गांठीला थांब म्हणून सांगतें, हेंहि सांगितलें. तो शांतपणें ऐकत होता. "म्हंजी सर, तुमच्या नातीला सुईबी टोचली न्हाई?" एवढेंच त्यानें विचारलें. "नाहीं," असें मी अभिमानानें म्हणालों.

पुढच्या खेपेस ती दोघें बांकावर नव्हतीं. त्याच्या पुढच्या खेपेसहि नव्हतीं.

डॉक्टरीणबाईंनीं मला आंत बोलाविलें. त्या रागावल्या नाहींत. रागावल्या असत्या तर बरें झालें असतें. मुलाला तिसऱ्या फेरीसाठीं न आणतां बाप गांवीं घेऊन गेला होता. फोनवर त्यानें सांगितलें होतें, कीं ज्या पोरीला कांहीं न देतां बरें वाटलें तिचे आजोबा स्वतः कॉलेजांत शिकवितात, आणि रोग तोच आहे. पोराला उलट्यांचा त्रास त्याला पाहवत नव्हता.

"रोगाचं नांव तेंच," बाई म्हणाल्या, "रोग तो नव्हे." आणि मग माझ्या टिपणांतला राहिलेला अर्धा धडा त्यांनीं मला दिला.

दुसऱ्या गुणसूत्रावर मायसीएन नांवाचें एक जनुक आहे. गर्भावस्थेंत पेशींना वाढण्याची आज्ञा देणें हें त्याचें काम. शंभरांतल्या सुमारें वीस न्यूरोब्लास्टोमांत या जनुकाच्या एका पेशींत कित्येक पट, कधीं शंभराहूनहि अधिक, प्रती झालेल्या असतात. त्या मुलाच्या गांठींत तशा होत्या. अशा रोग्यांत पुष्कळदां पहिल्या गुणसूत्राचा शेंडाहि तुटून गेलेला असतो, आणि नेमक्या त्या शेंड्यावर 'मिर-34-ए' या मायक्रोआरएनएचें ठिकाण आहे. संशोधकांनीं 2007 सालीं दाखविलें, कीं न्यूरोब्लास्टोमाच्या पेशींना ही चिटोरी बाहेरून परत दिली तर त्यांची वाढ मंदावते आणि त्या मरूं लागतात. पुढें हेंहि कळलें कीं ती मायसीएनच्या निरोपालाच अडविते. 'लेट-7' हिचीहि या रोगांत तीच दशा. तिला पिकूं न देणारें 'लिन-28-बी' नांवाचें प्रथिन कांहीं गांठींत फार वाढलेलें असतें, हें 2012 सालीं उघडकीस आलें. आणि 2016 सालीं असें आढळलें कीं मायसीएनचे निरोप इतके भाराभार निघतात, कीं ते स्पंजाप्रमाणें सर्व 'लेट-7' शोषून घेतात. तुटपुंजे पूर्णविराम, आणि वाक्यांचा पूर! शिवाय सर्वच मायक्रोआरएनए लगाम नसतात. मायसीएन आपल्याच हातानें ज्या कांहीं चिटोऱ्या वाढवितो, त्या इतर लगामांचे निरोप दाबून वाढीला चाबकासारख्या कामीं येतात.

"आणि माझ्या नातीची गांठ कोणत्या चिटोरीनें थांबविली?" मीं विचारलें.

"ती मीं काढलीच नाहीं, तर तपासणार कशी?" बाई म्हणाल्या. "अशा गांठी विरण्याचीं कारणं एकाहून अधिक आहेत. पोषक द्रव्य कमी पडून पेशी मरतात, कांहीं मोठ्या होऊन शहाण्या होतात, कांहींना शरीराचे शिपाई उचलतात. तुम्हांला एक शब्द आवडला म्हणून सगळा ग्रंथ त्या एका शब्दाचा होत नाहीं, सर."

त्या दिवशीं त्यांनीं मला आजोबा म्हटलें नाहीं.

मीं त्या शेतकऱ्याला फोन केला. बाईंनींहि केला. इस्पितळांतले समाजसेवक गांवीं जाऊन आले. पांच आठवड्यांनीं बाप मुलाला घेऊन परत आला, तो मुलाचे पाय दुखूं लागले म्हणून. पुन्हां औषधें सुरू झालीं. या घातक प्रकारावर आज उपाय नाहींत असें नाहीं. औषधें, शस्त्रक्रिया, मूलपेशींचें रोपण, किरण, पेशींच्या पृष्ठभागावरील खूण ओळखून हल्ला करणारीं प्रतिपिंडें, आणि शेवटीं जीवनसत्त्व ए याच्या गोतांतलें एक औषध, असा तो लांबचा प्रवास आहे. आणि त्या प्रवासाअंतीं निम्म्याच्या आसपास मुलें आज वांचतात. त्या शेवटच्या औषधाचें मला फार कौतुक वाटलें. तें पेशीला मारीत नाहीं, तर तिला वयांत येण्यास भाग पाडतें. पण त्या मुलाच्या वाट्याला तेथवरचा प्रवास आला नाहीं. पुढच्या मार्गशीर्षांत तो गेला.

मीं बाईंना एकच विचारलें. त्यांनीं माझ्याकडे पाहून स्वच्छ उत्तर दिलें : "त्या पांच आठवड्यांनीं फरक पडला असता असं मी म्हणणार नाहीं. पडला नसता असंहि म्हणणार नाहीं." या दोन वाक्यांमधली जागा ही माझी आहे. तेथें मला उरलेलें आयुष्य राहावयाचें आहे.

माझी नात तेरा महिन्यांची झाली तेव्हां चित्रांत गांठ दिसली नाहीं. त्यानंतरच्या दोन तपासण्यांतहि दिसली नाहीं. आतां ती तीन वर्षांची आहे. घरांत साखर वांटली त्या दिवशीं मी गच्चीवर जाऊन बसलों होतों. आनंद झाला नाहीं असें म्हटलें तर तें खोटें होईल; फार झाला. परंतु तो आनंद कोणाला सांगावा आणि कोणाला सांगूं नये, हें कळावयास मला एका मुलाचे पांच आठवडे लागले.

वाचन मात्र मीं सोडलें नाहीं. कारण ज्या गोष्टीनें मला फसविलें ती विद्या नव्हती. अर्धी विद्या होती. वाचतां वाचतां असें दिसलें, कीं माझी चूक मोठमोठ्यांनाहि चुकलेली नाहीं. 'मिर-34-ए' बाहेरून देतां येते तर तिचेंच औषध कां करूं नये, असा विचार करून एका अमेरिकन कंपनीनें ती चरबीच्या सूक्ष्म थेंबांत घालून 2013 पासून मोठ्या माणसांच्या कर्करोगांवर देऊन पाहिली. या जातीचा तो पहिलाच प्रयोग. 2016 सालीं तो थांबवावा लागला. कांहीं रोग्यांच्या देहांत रोगप्रतिकारक शक्तीचा असा क्षोभ उसळला कीं त्यांत मृत्यूहि घडले. त्यांतहि शिकण्यासारखें होतें. एकच चिटोरी शेंकडों निरोपांवर चिकटूं शकते. ती जेथें नको तेथेंहि पोंचली तर काय होईल, तें पोथींतल्या एका पानावरून कळत नाहीं. आतां ती केवळ गांठीपर्यंतच कशी पोंचवावी, याचे प्रयत्न निरनिराळ्या प्रयोगशाळांत चालू आहेत. मुलांसाठीं असें औषध अद्याप नाहीं. पण गांठींत कोणता लगाम तुटला आहे, हें आज अधिकाधिक ओळखतां येतें, आणि कोणाला थांबून पाहावें व कोणाला क्षणाचाहि विलंब लावूं नये, हें ठरविण्यास त्याचा उपयोग होतो. चिन्ह एकच; तें कोणत्या वाक्यांत पडलें आहे यावर सर्व कांहीं अवलंबून.

या जूनमध्यें पहिल्या आठवड्यांत मीं नेहमींचें वाक्य म्हटलें, आणि मुलें हंसलीं. मी मात्र हंसलों नाहीं. त्यामुळें वर्ग जरा गोंधळला.

गेल्या पोळ्याच्या सुमारास त्या शेतकऱ्याचा फोन आला. नंबर पाहून माझा हात कांपला. त्यानें पावसाचें सांगितलें, सोयाबीनचें सांगितलें, धाकटीला अंगणवाडींत घातल्याचें सांगितलें. मग जरा थांबून त्यानें विचारलें, "सर, तुमची नात कशी हाय?"

सांगण्यासारखें माझ्यापाशीं पुष्कळ होतें. ती आतां पळते, भांडते, ताटावर बसल्यावर "आणखी" म्हणते. त्याची क्षमा मागावी असेंहि मनांत होतें. पण ती मागून मोकळा झालों असतों तो मीच.

"बरी आहे," मी म्हणालों.

"बरं झालं," तो म्हणाला. आणि आम्ही दोघेहि थांबलों.